पाळण्याची दोरी कोणाच्या हाती?

एखादी गोष्ट आपली आहे एवढ्यावरून ती चांगली आणि परकी आहे एवढ्यावरून ती वाईट, असे मानणाऱ्यांशी वाद करणे फारसे कठीण नसते. कठीण असते ते त्यांच्याच घरी राहून वाद करणे. प्रस्तुत लेखकावर हा प्रसंग गेल्या चैत्रात आला. घर त्याचे स्वतःचेच होते. आणि आरंभी तो स्वतःही असे मानणाऱ्यांच्याच पक्षात होता, हे येथेच कबूल केलेले बरे. वादाचा विषय होता, नऊ महिन्यांचे मूल कोठे आणि कसे निजवावे. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात मुले निजविण्याची चर्चा कशाला, असे कित्येक वाचक विचारतील. त्यांस माझे एवढेच सांगणे आहे की, अंगाईगीतांतील वात्सल्यरसावर आपल्या मासिकांनी आजवर पुष्कळ पाने खर्च केली. ती गीते रात्री किती वाजता, कितव्यांदा, आणि कोणी म्हटली, याचा विचार करण्यास दोनचार पाने मिळाली तर रसभंग होईल असे मला वाटत नाही.

माझी मुलगी पुण्यास एका कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरीस आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी मातृत्वरजा २६ आठवड्यांची झाली, ही गोष्ट निःसंशय चांगली झाली. परंतु सव्विसावा आठवडा संपतो त्या दिवशी मूल केवळ सहा महिन्यांचे असते, आणि मुलास आईच्या कचेरीची वेळ समजत नाही. तिच्या मुलास मांडीवर झोके घेत दूध पिता पिता झोप लागे, आणि खाली ठेवताच ती मोडे. रात्रीत पाच वेळा हा प्रकार. तीन महिने असे काढल्यावर एके दिवशी सिग्नलपाशी दुचाकीवरच तिचा डोळा लागला, मागच्या गाडीच्या कर्ण्याने ती जागी झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने आम्हांस कळविले की, मी महिनाभर वरुडास येत आहे.

आजी आहे, पाळणा आहे, आता सर्व ठीक होईल, असे आम्ही उभयतांनी धरले होते. पाळणा जुना, शिसवी, दोन्ही टोकांस रंगविलेले पोपट असलेला. त्यात मी वाढलो, माझी मुलगी वाढली. मधल्या घरातील तुळईस त्याच्या कड्या आजही आहेत. मुलीने मात्र आल्या आल्या येथील एका सुतारास बोलावून कागदावर आकृती काढून दिली. चारी बाजूंस कठडा, तळाशी सपाट आणि टणक गादी, दोन उभ्या दांड्यांमध्ये सहा सेंटिमीटरांहून अधिक फट नको, आणि मूल उभे राहू लागले आहे म्हणून तळ पुरेसा खाली. पुण्यामुंबईकडे हिला क्रिब म्हणतात. सुताराचे उमेदीचे दिवस संत्र्यांच्या लाकडी पेट्या ठोकण्यात गेलेले. त्याने मोठ्या आकाराची पेटीच समजून ती चार दिवसांत करून दिली. शेजारच्या एक वृद्ध बाई पाहावयास आल्या आणि मला म्हणाल्या, "काहो सर, लेकराले असं पिंजऱ्यात काहून कोंडता बाप्पा?" मी हसलो. मनातून मला त्यांचे म्हणणे पटले होते. इतकेच नव्हे तर त्या रात्री जेवताना पाश्चात्त्यांच्या यंत्रबुद्धीवर मी एक लहानसे व्याख्यानही दिले. मुलीने ते ऐकून घेतले.

पहिल्या तीन रात्री अर्थात् पाळण्याचा जय झाला. आजीने दोरी धरली, अंगाई म्हटली, मूल निजले. दोरी थांबली, मूल उठले. तिसऱ्या रात्री आजीचे गुडघे सुजले आणि दोरी पुन्हा मुलीच्याच हाती आली. चौथ्या दिवशी सकाळी माडीवरून शांत झोपून मी खाली आलो, तेव्हा ती भिंतीस टेकून, दोरी मनगटास गुंडाळून, बसल्या जागी पेंगत होती. मला पाहून तिने विचारले, "बाबा, माझ्या वेळी तुम्ही किती रात्री दोरी धरली होती?"

मी हिशेब करू लागलो. इंग्रजी कविता शिकविण्यात मी तीस वर्षे घालविली. पाठ असलेल्या कविता मला अजून आठवतात. परंतु हातात दोरी असलेली एकही रात्र मला आठवेना.

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. पाळण्याच्या स्तुतिपाठकांशी माझे भांडण पाळण्याविषयी नाही, दोरीविषयी आहे.

पहिला आक्षेप परकेपणाचा. ज्यांच्या हाती पाळण्याची दोरी त्या स्त्रिया जगाचा उद्धार करतात, अशा अर्थाचे जे सुभाषित आपल्या प्रत्येक हळदीकुंकवाच्या व्याख्यानात येते आणि जे आपण आर्यसंस्कृतीचे सार म्हणून ऐकवितो, त्याचे मूळ विल्यम रॉस वॉलेस नामक अमेरिकन कवीच्या १८६५ सालच्या एका कवितेत आहे. तेव्हा क्रिब परदेशी म्हणून त्याज्य ठरवावयाची असेल तर हे सुभाषितही तिच्यासोबत बोटीवर चढवावे लागेल. आणि पाश्चात्त्य म्हणजे तरी कोण? १८९४ साली न्यूयॉर्कचे बालवैद्य एमेट होल्ट यांनी मातांसाठी प्रश्नोत्तररूप पुस्तक लिहून झोके देण्याची सवय निरुपयोगी ठरविली आणि रडणाऱ्या मुलास रडू द्यावे असे सांगितले. १९२८ साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने त्यावर कडी करून, मुलांचे मुके घेऊ नयेत, सकाळी हस्तांदोलन करावे, असा उपदेश केला. १९४६ साली बेंजामिन स्पॉक यांनी आयांस स्वतःच्या बुद्धीवर विश्वास ठेवावयास सांगितले, तर १९८५ साली बोस्टनचे रिचर्ड फर्बर यांनी मुलाजवळ जाण्यापूर्वी थोडे थोडे वाढते थांबण्याची रीत घालून दिली. म्हणजे त्यांच्याकडेही हा वाद शंभराहून अधिक वर्षे चालूच आहे. होल्ट आणि वॉटसन यांच्या कठोरपणाचा आमच्या आक्षेपकांस तिटकारा येतो, तसाच मलाही येतो. परंतु त्यांच्या पुस्तकांचा राग माझ्या मुलीवर काढणे न्यायाचे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. झोका ही निसर्गाचीच योजना असून ती नाकारणे म्हणजे मुलाशी निर्दयपणा करणे होय, असे म्हणतात. यातील पूर्वार्ध खरा आहे, आणि शास्त्रानेही तो मान्य केला आहे. जिनेव्हा येथे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हलत्या पलंगावर मोठ्या माणसांसही दुपारची झोप लवकर लागली. जपानच्या रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली दाखविले की, रडणाऱ्या तान्ह्या मुलास घेऊन पाच मिनिटे चालावे, झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे घेऊन बसावे, आणि मग खाली ठेवावे. मूल जागे होते ते गादीच्या स्पर्शाने नव्हे. आईच्या अंगापासून सुटू लागते त्या क्षणाने. आमच्या आज्यांस हे अनुभवाने ठाऊक होते; खाली ठेवल्यावरही त्या आपला हात मुलाच्या छातीवर तसाच ठेवीत.

परंतु हे झाले तान्ह्याचे. सातआठ महिन्यांच्या मुलाची गोष्ट निराळी आहे, आणि आमचे पाळणावादी नेमके येथे डोळे मिटतात. कोणतेही मूल रात्रभर सलग निजत नाही. अमेरिकेत टॉमस अँडर्स यांनी १९७९ साली रात्रभर चित्रण करून पाहिले तेव्हा असे दिसले की, जी मुले 'रात्रभर निजतात' असे आईबाप सांगत तीही मधून मधून जागी होत. फरक इतकाच की, काही मुले कोणास न हाकारता पुन्हा निजत आणि काही हाक मारीत. लहान मुलाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे तासाभराचे असते, आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ते झोपेच्या काठाशी येते. अमरावतीहून वरुडास येणाऱ्या एस.टी.त ज्यांस झोप लागली आहे त्यांनी आठवून पाहावे. गाडीच्या हेलकाव्यांनी छान डोळा लागतो, आणि मोर्शीच्या स्थानकात गाडी उभी राहिली की आपण खडबडून जागे होतो. आवाज वाढला म्हणून नव्हे, हेलकावा थांबला म्हणून. ज्या मुलास हेलकाव्यावाचून झोपच ठाऊक नाही, त्याचे दर तासाला मोर्शी येते. शिवाय याच वयात दृष्टीआड झालेली आई नाहीशी झालेली नसून कोठेतरी आहे, हे त्यास नव्याने कळू लागलेले असते. म्हणूनच ते तिला अधिक जोराने हाक मारते. त्यात त्याचा हट्ट नाही, वाढ आहे.

सुरक्षिततेचीही गोष्ट आहे. पाळणा मूल उठून बसेपर्यंतचा. उठून बसणारे मूल त्यातून कलंडते, हे सांगावयास वैद्य नको. झोळी तर याहून धोक्याची. तिच्यात तान्ह्याची हनुवटी छातीस टेकून श्वासास अडथळा येऊ शकतो, आणि लुगड्याच्या झोळीच्या पिळात मोठ्या मुलांच्या मानेस फास बसून झालेल्या मृत्यूंच्या नोंदी आपल्याच देशातील वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मुलास पाठीवर, सपाट व टणक गादीवर, उशीलोडांवाचून निजवावे, हा सल्ला अमेरिकेतील बालवैद्यांच्या संस्थेने १९९२ सालापासून दिला आणि त्यानंतर तेथे झोपेत अकस्मात् होणारे बालमृत्यू बरेच घटले. त्याच वैद्यांचे म्हणणे असेही आहे की, मुलाची जागा निराळी असावी, परंतु खोली आईचीच असावी. निराळी खोली हा क्रिबचा धर्म नव्हे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, १७ देशप्रदेशांतील २९ हजारांहून अधिक बालकांच्या पाहणीत आशियातील बहुतेक मुले आईबापांच्याच खोलीत निजताना आढळली. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता रडण्याचा प्रश्न. मेलबर्न येथे झोपेची तक्रार असलेल्या सात महिन्यांच्या मुलांच्या आयांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले; एका गटास मुलास हळूहळू स्वतः निजावयास शिकविण्याच्या दोन रीती दाखविल्या. एक फर्बर यांच्यासारखी, थोडे थांबून जाण्याची; दुसरी जवळ बसून राहण्याची आणि रोज खुर्ची थोडी दूर नेण्याची. मुले दोन वर्षांची झाली तेव्हा शिकविलेल्या गटातील आयांत खिन्नतेची लक्षणे कमी आढळली. सहाव्या वर्षी मूळ ३२६ मुलांपैकी २२५ मुलांचा पाठपुरावा करून २०१२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, मुलांच्या मनावर, वर्तनावर किंवा आईशी असलेल्या नात्यावर कोणताही दुष्परिणाम नाही. आणि, प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, त्या वयापर्यंत टिकणारा विशेष लाभही नाही. लाभ होतो तो त्या वर्षाचा आणि मुख्यतः आईचा. आमच्या आक्षेपकांस हा क्षुद्र वाटतो. केवळ आईचाच लाभ ना, असे त्यांच्या स्वरात ऐकू येते.

येथे तिसरा आणि त्यांचा सर्वांत आवडता आक्षेप येतो: आमच्या आयांनी नाही का आम्हांस वाढविले? वाढविले, परंतु 'आयांनी' हे अनेकवचन नीट वाचले पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या घरी दोरी धरणारी मुख्यतः माझ्या वडिलांची आत्या होती. दहाव्या वर्षी विधवा झालेली, माहेरी परतलेली, लाल आलवणातील. तिची रात्र मोकळी होती, कारण समाजाने तिच्यापाशी दुसरे काही ठेवलेच नव्हते. चार पिढ्यांची मुले तिने जोजविली आणि घरातील एकाही पुरुषाने तिला तुझी झोप झाली काय असे विचारल्याचे मला स्मरत नाही. मीही विचारले नाही. जिला आपण एकत्र कुटुंबाची ऊब म्हणतो, तिच्या तळाशी ही आत्या बसलेली आहे. ती गेली हे चांगले झाले. परंतु तिची जागा कोणी घ्यावयाची, हे ठरविल्यावाचून तिचा पाळणा मात्र आपण टांगून ठेवला आहे.

आणि जेथे आत्या नव्हती तेथे काय होते? मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रिया कामावर जाताना तान्ह्यांस अफूची गोळी देत. १९३१ सालच्या मजूरविषयक शाही कमिशनच्या अहवालातही या चालीची दखल आहे. त्या स्त्रियांस दोष देण्याचे मला धैर्य नाही. आजही सर्दीच्या औषधाचा एक चमचा 'झोप चांगली लागते' म्हणून पाजणारी सुशिक्षित घरे मी पाहिली आहेत; त्या औषधांपैकी प्रोमेथाझिन हे दोन वर्षांखालील मुलांचा श्वास बंद पाडू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ सालीच दिला आहे. मुलास दहा मिनिटे कठड्याशी रडू देणे निर्दय, आणि त्यास गुंगी आणणे मात्र मायेचे, हा न्याय मला समजत नाही.

वरुडाच्या बाहेर दोन मैल गेले की दोरीचे आणखी एक रूप दिसते. निंदणास आलेल्या बाईने धुऱ्यावरच्या कडुनिंबास झोळी बांधलेली असते, आणि झोळीची दोरी सहासात वर्षांच्या बहिणीच्या हाती असते. शाळेची घंटा होऊन गेलेली असते. संत्र्याच्या बागांतून जाताना हे दृश्य मी किती वेळा पाहिले आणि किती वेळा त्यास रमणीय म्हटले याची मला आज लाज वाटते. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांस दिवसा सांभाळणारी पाळणाघरे अंगणवाड्यांस जोडण्याची केंद्र सरकारची योजना २०२२ पासून आहे आणि तिचे नावच 'पालना' असे आहे. पाळण्यावर व्याख्याने देणाऱ्या आमच्या मंडळींनी आपल्या तालुक्यात अशी किती पाळणाघरे खरोखर उघडी असतात, हे एकदा जाऊन मोजावे. अंगाईगीतांच्या संग्रहाइतकेच ते संस्कृतिकार्य होईल.

मदालसेचे उदाहरण नेहमी पुढे येते. पाळण्यातील पुत्रास तिने आत्मज्ञान सांगितले, हे मार्कंडेय पुराणात आहेच. परंतु मदालसा राणी होती. गीत संपल्यावर दोरी कोणत्या दासीने धरली याविषयी पुराण मौन पाळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मदालसेस दुचाकीवरून कचेरीत जावयाचे नव्हते.

आमच्या घरी पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण उपदेश करणाऱ्याने आपला हिशेब दाखवावा. दिवेलागणीनंतर अंग पुसणे, दूध, मग एक गाणे, मग खोलीत मंद दिवा, हा क्रम रोज एकच ठेवला. दूध आणि झोप यांची ताटातूट करणे हा त्यातील खरा कठीण भाग. दूध पाजून झाल्यावर मूल पेंगुळलेले पण जागे असतानाच क्रिबमध्ये ठेवावयाचे. पहिल्या रात्री ते चाळीस मिनिटे रडले. मुलगी सारा वेळ शेजारी बसून होती. दांड्यांमधून हात घालून थोपटीत होती, परंतु उचलीत नव्हती. मी दाराशी उभा होतो आणि दोन वेळा आत जाऊन मूल उचलण्याच्या बेतात होतो. तिसऱ्या रात्री निराळेच संकट आले. मूल कठडा धरून उभे राही आणि त्यास खाली बसता येत नसे. झोपेने डोळे मिटत, पण मूठ सुटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने त्यास खेळता खेळता कठड्यावरून हात सोडून खाली बसावयास शिकविले. हा उपाय कोणत्याही पुस्तकातून आलेला नव्हता. सहाव्या रात्री वीज गेली, कूलर थांबला, बेचाळीस अंशांच्या दिवसानंतर खोलीची भट्टी झाली, आणि सर्वांनी गच्चीवर जाऊन रात्र काढली. क्रिब काही जिन्यातून वर जाईना. पुढे दोन दिवस मुलास ताप होता, तेव्हा सर्व शिस्त गुंडाळून ठेवली आणि त्यास मांडीवरच घेतले. तेराव्या रात्री ते पाच मिनिटे कुरकुरले आणि निजले. पहाटे एकदाच उठले.

या तेरा रात्रींत दोन ते पाचची पाळी माझी होती. जावई पुण्याहून आले ते दिवस ती त्यांची. पुरुषाच्या हातून थोपटले तर मूल निजत नाही, ही समजूत मीही बाळगली होती. ती सोयीची आहे एवढाच तिच्यात गुण. पहिल्या दोन रात्री मूल माझ्याकडे पाहून अधिक रडले, कारण मी त्याच्या ओळखीचा नव्हतो. ओळख करून घेण्यास मला नऊ महिने मिळाले होते.

काही मुलांस हे साधणार नाही, काही आयांस मूल कुशीतच हवे असेल आणि त्यांच्या झोपेचे त्याने बिघडतही नसेल. त्यांनी हा लेख बाजूस ठेवावा. सहा महिन्यांच्या आतील मुलास असे शिकवू पाहणे मलाही मान्य नाही. परंतु जी बाई थकून शिकवू पाहते तिला कैदाशीण ठरविण्याचा अधिकार, जो त्या रात्री माडीवर घोरत होता त्यास नाही. तो अधिकार ज्यास हवा असेल त्याने आधी मध्यरात्री खाली उतरावे.

मुलगी वैशाखात पुण्यास परत गेली. तिच्या मापाप्रमाणे तेथील सुताराकडून दुसरी क्रिब करून घेतली आहे. येथली खाट मधल्या घरात आहे आणि दिवाळीत ती मंडळी येतील तेव्हा उपयोगी पडेल. पाळणा पुसून माळ्यावर ठेवला. तुळईच्या कड्या मात्र काढू द्यावयास घरची मंडळी तयार नाहीत. त्यांचे मत बदललेले नाही, गुडघे तेवढे उतरले आहेत. आणि या बाबतीत त्यांच्याशी आणखी वाद घालण्याचा माझा विचार नाही.